हुशार पोर निवडायचे ते कशासाठी?

शाळा उघडून महिना-दीड महिना झाला की आमच्याकडे दोन प्रकारची मंडळी येतात. काहींना दाखला हवा असतो. त्यांचे काम सोपे. आमचे अर्धे आयुष्य फायलीत गेले; कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा हे आम्ही झोपेतही सांगू. दुसरे असतात पाचवीतल्या मुलांचे आई-बाप. “भाऊ, बाई म्हणतात पोरगं हुशार हाय, नवोदयला बसवा. बसवू का?” इथपर्यंत ठीक. पण परवा एका ताईंनी त्याच्या पुढचा प्रश्न केला. “बसवलं, लागलं, समजा. पण हुशार पोरं अशी वेगळी काढून करायचं काय असतं? बाकीच्यांनी काय पाप केलं?”

ताई बिगारी कामाला जातात, शिक्षण चौथीपर्यंत. प्रश्न मात्र असा की भल्या भल्या शिक्षणाधिकाऱ्यांनी कान पकडावा. तेव्हा ह्या खेपेस त्यावरच लिहितो.

आपल्या वस्त्यांत सर्रास असा समज आहे की हुशारीचा खास वर्ग किंवा खास शाळा म्हणजे बक्षीस. पोराने नंबर काढला, सरकारने खूश होऊन चांगली शाळा दिली. हा समज आधी डोक्यातून काढून टाका. आठवडाभरात वर्ग जे शिकतो ते एखादे मूल सोमवारीच शिकून मोकळे होते. उरलेले पाच दिवस ते करते काय? खिडकीबाहेर पाहते, शेजारच्याला चिमटे काढते आणि मार खाते. नाहीतर गुरुजींचा चहा आणते, फळा पुसते, गुरुजी तालुक्याला गेले की खालच्या वर्गावर लक्ष ठेवते. आपल्याकडच्या कितीतरी शाळांत हुशार मुलाच्या वाट्याला येणारा ‘विशेष कार्यक्रम’ एवढाच असतो. दोन-तीन वर्षे असे झाले की डोके चालवायची सवयच मोडते. मग आठवीत एकाएकी बीजगणित अवघड जाऊ लागते, आणि सगळे म्हणतात, लहानपणी हुशार होता, पुढे काय झाले कोण जाणे.

झाले एवढेच की त्याला त्याच्या ताकदीचे काम कुणी दिले नाही. ज्या घरात बाप इंजिनिअर आणि आई प्राध्यापिका आहे, तिथल्या मुलाला शाळेने काही दिले नाही तरी घर देते. कपाटात पुस्तके असतात, संध्याकाळी बाप पुढचा धडा शिकवतो, सुटीत शिबिर असते. त्याला खास वर्ग म्हणजे पुरणपोळीवर तुपाची धार. आपल्या मुलाला तीच पोळी, आणि तीही पहिली. म्हणून असे कार्यक्रम नवव्या-दहाव्या वर्षीच लागतात, आणि ज्यांच्या घरून भरपाई होऊ शकत नाही त्यांना सर्वांत जास्त लागतात. ताईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे.

हे आमचेच म्हणणे आहे असे नव्हे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हाच मुद्दा आहे. ज्या मुलांच्या अंगी विशेष गुण आहेत त्यांना भरभर पुढे जाण्याची सोय हवी आणि ती देताना घरच्यांची ऐपत पाहता कामा नये, असे ते धोरण सांगते. त्यातूनच नवोदय विद्यालये उभी राहिली. पहिली दोन १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. आज तमिळनाडू सोडून देशभर साडेसहाशेच्या घरात ती आहेत. एकेका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके, सारे फुकट. नववीपासून काही मुलांकडून दरमहा विकास निधी घेतात. अनुसूचित जाती-जमातीची मुले, सर्व मुली आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतली मुले ह्यांना तोही माफ आहे. निदान पाऊण जागा खेड्यांतल्या मुलांसाठी आणि एक-तृतीयांश मुलींसाठी राखलेल्या. खेड्यातल्या कष्टकऱ्याच्या पोरासाठी सरकारने काढलेली इतकी चांगली योजना आम्हांस दुसरी दिसत नाही, हे सरकारवर एरवी टीका करणारे आम्ही मोकळेपणी लिहितो.

आता एक जुनी गोष्ट, नव्या पिढीला ठाऊक नसलेली. धर्मांतरानंतर महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राच्या यादीत आपण नव्हतो. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, आणि केंद्राच्या संस्थांतील राखीव जागांचा आपला रस्ता तेव्हा मोकळा झाला. त्यामागे किती मोर्चे, किती निवेदने आणि किती जणांच्या चपला झिजल्या! ज्या हक्कासाठी एवढा खटाटोप झाला त्याचा साधा फॉर्मही भरायचा राहून जातो, तेव्हा जीव तुटतो.

फॉर्म राहतो कसा, हेही सांगितले पाहिजे. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत काही वर्षांपूर्वी पाचवीत बेचाळीस मुले होती. नवोदय आणि शिष्यवृत्ती मिळून फॉर्म भरले गेले सहा जणांचे. गुरुजींना विचारले तर म्हणाले, “बाकीच्यांना झेपणार नाही. उगाच मुलांचा हिरमोड.” गुरुजी दुष्ट नव्हते. पण सहा नावे वाचली तेव्हा लक्षात आले की त्यांत एकही पोर आपल्या किंवा पारध्यांच्या वस्तीवरचे नव्हते. जे मूल स्वच्छ इस्त्रीचे कपडे घालते, हात वर करते आणि पुस्तकी भाषेत उत्तर देते तेच हुशार, असा डोळ्यांना सराव झालेला असतो. आम्ही आणि चार पालक मिळून मुख्याध्यापकांकडे गेलो, मग केंद्रप्रमुखांकडे. पुढच्या वर्षी सगळ्या वर्गाचे फॉर्म भरले गेले. नवोदयला कुणाचाच नंबर लागला नाही, हेही लिहितो, उगाच चमत्कार सांगत नाही. पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेत त्या वर्गात सर्वांत जास्त गुण पडले ते एका मुलीला, आणि ती मुलगी गुरुजींच्या मनात कोणत्याच यादीत नव्हती. वर्गात ती कधी बोलतच नसे.

हीच गोष्ट सातासमुद्रापार, अमेरिकेत, आकड्यांनिशी सिद्ध झालेली आहे. तिथे फ्लोरिडा राज्यात ब्रोवर्ड नावाचा मोठा जिल्हा आहे. हुशार मुलांच्या खास वर्गासाठी तिथे आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवीत, मग मानसशास्त्रज्ञ मुलाची बुद्धी तपासत. ज्यांच्याकडे पैसा ते पालक खाजगी मानसशास्त्रज्ञ गाठत. काळी मुले आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली मुले ह्या वर्गांत फारच थोडी दिसत. २००५ साली जिल्ह्याने एकच बदल केला. दुसरीतल्या प्रत्येक मुलाला, कुणी नाव सुचवो वा न सुचवो, एक छोटी चाचणी द्यायची. तीत शब्द नव्हते, आकृत्या होत्या, म्हणजे घरी कोणती भाषा बोलतात ह्याने अडू नये. त्यात पुढे दिसलेल्या मुलांची मग नीट तपासणी. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ह्याचा हिशेब मांडला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. (ह्यांपैकी कार्ड ह्यांना पुढे २०२१ साली नोबेल मिळाले.) गरीब घरांतल्या मुलांची हुशार म्हणून निवड होण्याचे प्रमाण १८० टक्क्यांनी वाढले, म्हणजे जवळपास तिप्पट झाले. स्पॅनिशभाषक मुलांचे १३० टक्क्यांनी, काळ्या मुलांचे ८० टक्क्यांनी. आम्ही बी.कॉम. माणूस, आकडा दिसला की दोनदा पाहतो. इथे निवडीचे निकष सैल केले असे झाले नाही. मुले तीच होती आणि तितकीच हुशार होती. आधी त्यांच्याकडे कुणी पाहिले नव्हते, एवढेच. पुढे मंदी आली, पैसे कमी पडले, ती सार्वत्रिक चाचणी बंद झाली, आणि आकडे पुन्हा जुन्या जागी गेले.

त्याच दोघांचा आणखी एक शोध ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी आहे. त्या जिल्ह्यात खास वर्गाच्या रिकाम्या जागा बुद्ध्यांकात न बसलेल्या पण अभ्यासात वरच्या असलेल्या मुलांनी भरत. चौथी-पाचवीच्या वयात अशा वर्गात बसल्याने सर्वांत जास्त फायदा झाला तो काळ्या आणि स्पॅनिशभाषक मुलांना. आणि मागे साध्या वर्गात राहिलेल्या मुलांचे त्यामुळे नुकसान झाले, असे दिसले नाही. फायदा का झाला? त्या दोघांचे म्हणणे असे की एरवीच्या वर्गात ह्या मुलांकडून शिक्षकांची अपेक्षाच कमी असते, आणि सोबत्यांचाही दाब असतो; वर्ग बदलला की दोन्ही ओझी उतरतात. ‘तुझ्याकडून एवढं पुरे’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी शाळेत ऐकले असेल!

आपल्याकडे हा विचार नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात शिष्यवृत्त्यांचा मुद्दा आहे. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे वरवर न्यायाचे दिसते, पण त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांना द्याव्यात, असे त्यांनी आयोगाला सुनावले. ब्रोवर्डच्या सव्वाशे वर्षे आधी. आणि खुद्द बाबासाहेब? चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा मुलगा केळुस्कर गुरुजींनी हेरला, पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ साली त्याच दरबाराच्या मदतीने ते कोलंबिया विद्यापीठात गेले. केळुस्कर गुरुजींचे ऋण आपण कधीच विसरणार नाही. पण त्या बागेत गुरुजी येतच नसते तर? शिफारशीवर चालणाऱ्या निवडीचे हे असे असते, केळुस्करांसारखा डोळा लाभला तर सोने, नाहीतर पोर गर्दीत हरवले. म्हणून आमचा आग्रह आहे की नाव सुचवण्याची भानगडच नको, पाचवीतले प्रत्येक मूल बसले पाहिजे.

बुद्धीच्या मोजमापाबद्दलही सावध राहा. ही चाचणी पहिल्यांदा केली ती पॅरिसच्या आल्फ्रेड बिने ह्यांनी, १९०५ साली, सिमों नावाच्या सहकाऱ्याबरोबर. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना शोधून त्यांना जादा मदत द्यावी, हा त्यांचा हेतू. बुद्धी कायमची ठरलेली असते हे त्यांना मान्य नव्हते. हेच हत्यार अमेरिकेत टर्मन ह्यांच्या हाती पडले, आणि १९१६ च्या पुस्तकात त्यांनी मेक्सिकन, आदिवासी आणि काळ्या लोकांची मंद बुद्धी वंशातच असते असा सिद्धांत मांडला. जन्मावरून डोके ठरवण्याची विद्या फक्त आपल्याच देशात होती असे समजू नका. ह्याच टर्मनसाहेबांनी १९२१ पासून दीड हजारांवर ‘अलौकिक’ मुले निवडून त्यांचा अभ्यास केला. विल्यम शॉकली नावाच्या मुलाची तपासणी झाली, तो त्यांच्या रेषेखाली राहिला आणि वगळला गेला. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ साली नोबेल मिळाले त्या तिघांतला एक हाच शॉकली. गंमत अशी की पुढे म्हातारपणी हाच गृहस्थ काळ्या लोकांची बुद्धी कमी असते म्हणून सांगत फिरला! इकडे १९३० च्या दशकात मार्टिन जेन्किन्स ह्या काळ्या अभ्यासकाने शिकागोच्या शाळा धुंडाळून हुशार काळी मुले शोधली, त्यांत नऊ वर्षांच्या एका मुलीचा बुद्ध्यांक २०० भरला होता. म्हणजे चाचणी खोटी म्हणून फेकायची गरज नाही. निवड झाली तर मुलाला काम मिळेल. नाही झाली तर त्या दिवशी त्या दोन तासांत त्या कागदावर इतके गुण पडले, एवढाच त्याचा अर्थ. ‘ढ’ ह्या एका अक्षराने आपल्या समाजाची जेवढी मुले मारली तेवढी पटकीनेही मारली नसतील. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणणाऱ्यांनी बांधकामावरची झोळी कधी पाहिलेली नसते.

नवोदयच्या नियमांत एक खोच आहे, ती ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या बांधवांनी नीट वाचावी. मूल ज्या जिल्ह्यात राहते आणि पाचवीत शिकते त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी बसता येते. ग्रामीण जागा हवी तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण काढलेली असावी लागतात. दिवाळीनंतर पोर कोयत्याबरोबर गेले, की हजेरी तुटते आणि हक्कही तुटतो. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. तेव्हा आजी-आजोबांजवळ ठेवा, हंगामी वसतिगृह चालू करून घ्या, नाहीतर आम्हांस कळवा, पण ती तीन वर्षे मोडू देऊ नका. भट्टीवर गेलेल्या मुलांत किती बुद्धी वाया जाते ह्याचा हिशेब कोणत्याच कार्यालयात ठेवत नाहीत.

निवड झाली म्हणजे आई-बापाची जबाबदारी संपली असे मात्र नाही, आणि हे लिहिताना आमचा हात जड होतो. २०१३ ते २०१७ ह्या पाच वर्षांत देशभरच्या नवोदय विद्यालयांत ४९ मुलांनी आपला जीव संपवला, आणि त्यांत निम्मी दलित-आदिवासी घरांतली होती, हे २०१८ साली एका इंग्रजी दैनिकाने माहिती अधिकारात काढून छापले. दहा-अकरा वर्षांचे पोर आईच्या कुशीतून उठून वसतिगृहात जाते. तिथे गोष्टी नव्या, भाषा हळूहळू बदलते. नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीत येते. त्यात कुणी आडनाव विचारतो, कुणी ‘कोट्यातला’ म्हणतो. गावी सर्वांत पुढे असलेला मुलगा इथे चाळिसावा येतो, आणि घरी सांगायची लाज वाटते, कारण गावाने पेढे वाटलेले असतात. म्हणून पेढे जरा कमी वाटा. वस्तीत बॅनर लावून दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर सगळ्या समाजाचे ओझे ठेवू नका. भेटीचा दिवस मजुरी बुडाली तरी चुकवू नका, आणि गेल्यावर मार्कांआधी मित्रांची नावे विचारा. ‘नाही जमलं तर घर आपलंच आहे’ हे वाक्य त्याला जाण्यापूर्वी सांगा, गेल्यानंतर नव्हे. पोर गप्प गप्प झाले, जेवण सोडले, फोनवर रडले, तर दुसऱ्याच दिवशी गाडी पकडा. वर्ष गेले तर वर्ष परत मिळते.

आणि घरी राहिलेल्या भावंडाचे काय? निवडलेल्याला नवी पेटी, नवे बूट, आणि धाकटीच्या वाट्याला ‘बघ तुझा दादा’. आमच्या पाहण्यात अशी दोन घरे आहेत जिथे धाकट्या मुलीने ह्याच कारणाने अभ्यासावरचे मन काढून घेतले. मुलगी असेल तर हे जास्तच होते. मुलाच्या परीक्षेसाठी तालुक्याला जायला बापाला रजा मिळते, मुलीच्या वेळी मिळत नाही, हा अनुभव आम्ही कचेरीत बसून घेतला आहे.

सरकारने नवोदयला गती देणारी शाळा म्हटले होते. म्हणजे आसपासच्या शाळांनी तिच्यापासून काही घ्यावे, तिथल्या शिक्षकांनी बाहेर येऊन शिकवावे. हा भाग आमच्या जिल्ह्यात तरी आम्हांस कधी दिसला नाही. भिंतीच्या आत दिवा आहे, भिंतीबाहेर अंधार. ताईंच्या ‘बाकीच्यांनी काय पाप केलं’ ह्या प्रश्नाला सरकारी उत्तर इथे अडखळते, आणि ते आम्ही झाकून ठेवणार नाही. पंचायत समितीकडे ह्याविषयी निवेदन द्यायचे आहे, ज्यांना सही करायची आहे त्यांनी संपर्क साधावा.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. परीक्षेत ८० प्रश्न, १०० गुण, वेळ दोन तास. निम्मे प्रश्न आकृत्यांचे, म्हणजे बुद्धिमत्तेचे. बाकी अंकगणित आणि भाषा. मराठीतून देता येते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. उत्तर म्हणजे कागदावरचा गोल बॉलपेनने काळा करायचा असतो, आणि शिसपेन चालत नाही. कितीतरी मुले ही एवढी सवय नसल्याने गडबडतात. ह्यासाठी हजारो रुपयांच्या क्लासची जरुरी नाही. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. तो चौथीतच काढून ठेवा, कारण फॉर्मच्या आठवड्यात सेतू केंद्रावर रांग कशी असते हे तुम्ही जाणता.

विहारात दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतो. तिसरीपासून पाचवीपर्यंतचे कुणीही मूल चालेल, गुरुजींची चिठ्ठी नको. सतरंजी आहे, कागद आम्ही देऊ. पेन घरून आणावे.